तिची गोष्ट कोण सांगतं?

आजचा विषय जरा जड आहे. आमच्या पिढीत चारचौघांत न काढण्याचा. पण सत्तरी केव्हाच मागे पडली, आता संकोच तरी कुठवर करायचा? शिवाय आपल्या नात्यातल्या शिकत्या मुलीही हे वाचतात, म्हणून मुद्दामच लिहिते आहे. बाईवरचा बलात्कार आपली नाटकं, सिनेमे, मालिका आणि पुस्तकं कशी दाखवतात, हा तो विषय.

सुरुवात शब्दांपासून करते, कारण सगळी नोकरी मराठी शिकवण्यात गेली. 'अब्रू लुटली' असं आपण सहज म्हणतो. चोर येऊन घर लुटून गेला, तर त्या घरच्या माणसांना कुणी 'आता तोंड दाखवू नका' असं सांगत नाही. इथं मात्र लुटणारा उजळ माथ्यानं फिरतो आणि जिचं लुटलं तिनं दारं लावून घ्यायची. 'अतिप्रसंग' हा तर फारच सोज्वळ शब्द. जणू आभाळातून एक प्रसंग पडला आणि तो जरा जास्तच झाला! आणि 'मुलीवर अत्याचार झाला' हे वाक्य घ्या. यातला कर्ता शोधा म्हटलं, तर मुलं 'अत्याचार' असं उत्तर देतील, आणि व्याकरणानं ते बरोबरच आहे. करणारा माणूस मात्र वाक्याच्या बाहेर उभा राहून निवांत बिडी ओढतोय.

खरं तर उच्चारायला सगळ्यात अवघड जो शब्द, तोच सगळ्यात न्यायाचा. बलात् म्हणजे बळानं, आणि बळानं केलेलं ते बलात्कार. त्यात तिची अब्रू नाही, शील नाही. फक्त त्यानं काय केलं ते आहे.

आता आपल्या कोल्हापूरकडे येते. बाबूराव पेंटरांचा 'सैरंध्री' हा मूकपट १९२० सालचा. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा पहिला सिनेमा, आणि त्यात स्त्रियांची कामं बायकांनीच केली होती, हेही त्या काळात मोठंच. पण गोष्ट कुठली निवडली पाहा. अज्ञातवासात दासी झालेली द्रौपदी आणि तिच्यामागे लागलेला राणीचा भाऊ कीचक. म्हणजे आमच्या गावच्या सिनेमाचा श्रीगणेशाच या विषयानं झाला. त्याआधी याच कथेवर खाडिलकरांनी १९०७ साली 'कीचकवध' लिहिलं होतं. लोकांनी कीचकात लॉर्ड कर्झन पाहिला, द्रौपदीत भारतमाता पाहिली, आणि इंग्रज सरकारनं १९१० मध्ये नाटकावर बंदी घातली. सिनेमात लोकांच्या लक्षात राहिलं ते भीमानं कीचकाला मारण्याचं दृश्य.

देशभक्ती म्हणून हे सगळं थोरच. पण मला प्रश्न पडतो, यात द्रौपदी कुठं गेली? एकीकडे ती देश झाली, दुसरीकडे ती भीमाच्या पराक्रमाचं निमित्त झाली. व्यासांनी तसं केलेलं नाही हो! विराटपर्व उघडून बघा. कीचक भर दरबारात तिला लाथ मारतो, राजा गप्प बसतो, आणि प्रत्यक्ष युधिष्ठिर तिला नटीसारखी रडू नकोस अशा अर्थाचं काहीतरी बोलतो. ती तिथंही सुनावते आणि रात्री भीमाला उठवायला स्वयंपाकघरात जाते. कीचक मेल्यावर गोष्ट संपते का? नाही. त्याचे भाऊ तिला त्याच्या प्रेताबरोबर जाळायला नेतात. त्यातून सुटून ती परत येते, तर राणी सांगते, बाई तू आता जा, आम्हाला तुझी भीती वाटते. द्रौपदी आणखी तेरा दिवस मागून घेते. म्हणजे दुसऱ्या दिवशी त्या बाईचं काय झालं, हे व्यासांनी लिहून ठेवलंय. आपण मात्र वध झाला की पडदा पाडतो.

हिंदी सिनेमानं तर याचा साचाच बनवला. नायकाची बहीण कॉलेजातून येते, खलनायक गाठतो, दिवा विझतो, बांगड्या फुटतात, आणि पुढच्या दृश्यात ती विहिरीत किंवा पंख्याला. मग अडीच तास नायकाचा सूड. ती मेल्याशिवाय गोष्ट पुढं सरकतच नाही! राहिली असती तर लेखकाला तिचं काय करायचं ते कळलं नसतं.

१९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केला. तिचं नाव जगाला माहीत आहे, मी इथं लिहीत नाही. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोघा पोलिसांना सोडलं. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिची संमती असणार, असा तो न्याय. १९७९ मध्ये चार कायदेशिक्षकांनी न्यायालयाला खुलं पत्र लिहिलं, बायका रस्त्यावर आल्या, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. अशा स्त्रीचं नाव छापायचं नाही हा नियमही त्याच दुरुस्तीतला. मात्र तिचं पूर्वचारित्र्य कोर्टात उकरून काढायची मुभा कायद्यातून जायला २००२ साल उजाडावं लागलं.

याच वादळात, १९८० मध्ये बी. आर. चोप्रांचा 'इन्साफ का तराजू' आला. कोर्टात बाईची दुसऱ्यांदा विटंबना होते, हे त्यात ठणकावून सांगितलं होतं. पण ज्या अत्याचाराचा निषेध करायचा, त्यावर कॅमेरा इतका वेळ रेंगाळतो, की नेमका कुणाच्या नजरेनं आपण हे बघतोय असं वाटून मान खाली जाते. तोंडानं निषेध आणि डोळ्यांनी मेजवानी, असा तो प्रकार.

या सगळ्याचा परिणाम कुठवर पोचतो ते एका विद्यार्थिनीनं मला शिकवलं. तिची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. नववीतली मुलगी, वाडीवरून उसाच्या पाणंदीनं चालत शाळेला यायची. एक दिवस यायची बंद झाली. घरी गेले, तर आई म्हणाली, 'मामाकडं पाठवलंय.' बारा-तेरा वर्षांनी अंबाबाईच्या देवळाबाहेर तीच मला भेटली, कडेवर पोर घेऊन. ओळखीच्याच एका माणसानं त्या पाणंदीत तिला गाठलं होतं. म्हणाली, 'बाई, मला वाटलं आता विहीरच. सिनेमात तसंच असतंय की ओ. मी दोनदा काठावर जाऊन आले.' मग वाचलीस कशी? तर म्हणाली, 'आजीनं ओळखलं. काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे उठवलं आणि म्हणाली, म्हशीची धार कोण काढणार? ऊठ. सहा महिने ती मला एकटीला सोडत नव्हती.' पुढं तिनं सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी केली. नवऱ्याला सगळं सांगून लग्न केलं.

त्या आजीनं शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. पण आमच्या सगळ्या पटकथाकारांना जे सुचलं नाही, ते तिला सुचलं. उद्याचा दिवस उजाडतो आणि त्या दिवशीही म्हैस हंबरते.

तेंडुलकरांचं नाव घेतल्याशिवाय पुढं जाता येत नाही. त्यांनी लिहिलेल्या 'निशांत'मध्ये (१९७५) जमीनदाराचे भाऊ मास्तरच्या बायकोला पळवून नेतात आणि गाव बघत राहतं. 'आक्रोश'मध्ये (१९८०) लहान्या भिकू कोर्टात तोंडच उघडत नाही. त्याचं मौन काळीज चिरत जातं, पण ज्या नागीवर बलात्कार झाला, जिला मारून टाकलं, ती फक्त आठवणींत दिसते. आणि १९६७ चं 'शांतता! कोर्ट चालू आहे' माझ्या मते या सगळ्यांत जास्त बोचतं. बेणारे बाई शिक्षिका, माझ्याच धंद्यातली. कोवळ्या वयात सख्ख्या मामानं तिचा गैरफायदा घेतलेला, आणि गुन्हेगार मात्र ती. शेवटी ती भरभरून बोलते. प्रेक्षकांना सगळं ऐकू येतं, पण रंगमंचावरच्या एकालाही त्यातला शब्द ऐकू जात नाही. बाईला बोलू दिलं, पण ऐकणारं कोर्ट थिजलेलं! याहून खरं काय असणार?

जयवंत दळवींच्या 'पुरुष'मधली (१९८२) अंबिकाही शिक्षिकाच. विजयाबाई मेहतांनी ते बसवलं होतं, रीमा लागू अंबिका आणि नाना पाटेकर गुलाबराव. त्यातला शेवटचा सूड गाजला. मला महत्त्वाचं वाटलं ते वेगळंच. बलात्कारानंतर त्या घरातले दिवस कसे जातात, आपली म्हणवणारी माणसं कशी बदलतात, हे दळवींनी दाखवलं. अंबिका मरत नाही. गोष्ट तिच्याबरोबर चालत राहते. बंगालीत महाश्वेतादेवींनी १९७८ मध्ये 'द्रौपदी' नावाचीच कथा लिहिली. त्यातली आदिवासी बाई अत्याचारानंतर कपडे घालायलाच नकार देते आणि अधिकाऱ्यापुढं तशीच उभी राहते. लाज कुणाला वाटायला हवी, हा सवाल तिनं टाकला. तिथं ना कृष्ण, ना भीम.

आपल्या मराठीतही एक नाव आहे, 'सांगत्ये ऐका'. अनंत मान्यांचा १९५९ चा तमाशापट, पुण्याच्या विजयानंदला १३१ आठवडे चालला. त्यात पाटलानं आपल्या घरावर केलेल्या अन्यायाची हकीकत लेक तमाशात उभी राहून गावासमोर मांडते. या सिनेमात हंसा वाडकरांनीही काम केलं होतं. पुढं १९७० मध्ये त्यांनी स्वतःचं आयुष्य सांगितलं, त्या पुस्तकालाही तेच नाव दिलं. त्यावरून श्याम बेनेगलांचा 'भूमिका' (१९७७) आला. कुठलीही रंगसफेदी न करता बाईनं स्वतःच्या तोंडानं सांगायचं आणि इतरांनी ऐकायचं. नावातच सगळं आलं, नाही का?

मालिकांचं काय? २०२० मध्ये 'देवमाणूस' सुरू झाली. बायकांना नादी लावून संपवणारा खोटा डॉक्टर. घराघरांत लोक रोज रात्री त्याची वाट बघायचे. नट उत्तम होता, त्याला दोष नाही. पण मालिका संपल्यावर मी आमच्या गल्लीत चार जणींना विचारलं, त्यातल्या मेलेल्या बायकांची नावं सांगा. दोन नावांपुढं गाडी गेली नाही. डॉक्टरचं नाव मात्र सगळ्यांना पाठ.

अशा गोष्टी दाखवूच नयेत, असं मी म्हणत नाही. झाकून ठेवल्यानं फक्त करणाऱ्याचंच फावतं. कुठलंही नाटक, सिनेमा, कादंबरी पुढं आली की मी आता दोन गोष्टी बघते. एक, हे कुणाच्या नजरेनं चाललंय? आणि दोन, दुसऱ्या दिवशी सकाळी ती आहे का? असेल तर चहा कोण करतं, तिच्याशी कोण बोलतं, ती कामावर जाते का, हे लेखकाला माहीत आहे का?

ती जगली, हसली, पोरंबाळं, नोकरी, भांडणं सगळं झालं, आणि तरीही झालेलं विसरली नाही, अशी मराठी कथा-कादंबरी तुमच्या वाचनात असेल तर मला जरूर कळवा. मला जमवायच्या आहेत. शाळेच्या वाचनालयात ठेवता येतील. विहिरीच्या काठावर जाऊन आलेली एखादी पोर तिथं कधी पुस्तक शोधायला येईल, सांगता येत नाही.