एकाच चॅनलवर

तुम्ही म्हणाल, टी.ई.ला येऊन हा रिमोटच्या गाडीशी काय खेळतोय? तर ऐका.

म्हशाच्या जत्रेतून आजोबांनी दोन सारख्या गाड्या आणल्या होत्या. एक मला, शहापूरला. दुसरी मुरबाडच्या आतेभावाला. मे महिन्यात दोन्ही एका अंगणात आल्या आणि राडा झाला. रिमोट दादा दाबायचा, पळायची माझी गाडी! "मुद्दाम करतोयस" म्हणत मी त्याची गाडी पायरीवर आपटली. मग अबोला. बारावी-सीईटीच्या धबडग्यात माझीही माळ्यावर गेली.

यंदा कम्युनिकेशनच्या तासाला डोक्यात लख्ख ट्यूब पेटली. दोन्ही गाड्या २७ मेगाहर्ट्झच्या, एकाच चॅनलवर! त्याची काही चूकच नव्हती.

गाडी खाली काढली. सेल पाझरून पट्ट्या गंजलेल्या, मोटर मात्र ठणठणीत. २.४ गिगाहर्ट्झचा सेट बसवला. यात रिसीव्हर फक्त आपल्याच रिमोटचं ऐकतो. मुरबाडला रेल्वे नाही, सबब किन्हवलीमार्गे एसटी. दादा आता एमआयडीसीत शिफ्ट करतो. त्याला चॅनलचं सगळं सांगितलं, सॉरी म्हणालो. त्याने गाडी उलटी करून पाहिली. "सोल्डरिंग कच्चं आहे रे तुझं, इंजिनिअर."

कापणी झालेल्या खाचरात रिमोट त्याच्या हातात दिला. धसकटांत गाडी तीनदा उलटली, तरी परत द्यायचं नाव नाही.