मी अर्धवट थांबवलेली गोष्ट

शाळेत इतिहास शिकवताना पाटलिपुत्र, म्हणजे आजचं पाटणा, आलं की मी फळ्यावर एकच वाक्य लिहीत असे : गंगेपलीकडच्या वज्जींना रोखण्यासाठी मगधाचा राजा अजातशत्रू याने पाटलिग्रामला किल्ला बांधला. एकदा एक मुलगी आजीकडून ऐकलेली पुत्रकाची गोष्ट सांगायला उभी राहिली. ‘पुराणातली वांगी पुराणात,’ म्हणत मी तिला खाली बसवलं. ते माझं चुकलं.

या नगराच्या जन्मकथा एकमेकींशी जुळत नाहीत, हा माझा आक्षेप होता. ‘कथासरित्सागरा’त पुत्रक जादूच्या पादुका घालून राजकन्या पाटलीला आकाशमार्गाने गंगेकाठी आणतो. त्याच्याजवळच्या पात्रात मागाल ते अन्न येतं आणि काठीने रेघा ओढताच नगर उभं राहतं. जैन कथेत राजा उदायीची माणसं राजधानीसाठी जागा शोधत असतात. पाटलीच्या, म्हणजे आपल्या पाडळीच्या, झाडावर त्यांना एक पक्षी दिसतो. तो चोच उघडून नुसता बसलाय आणि किडे आपणहून तोंडात येऊन पडताहेत. पाली ग्रंथात बुद्ध सांगतात, की हे गाव मोठं ‘पुटभेदन’ होईल. कथा तीन, तीन तऱ्हांच्या. तेव्हा सगळ्याच खोट्या, असं मी ठरवून टाकलं होतं.

निवृत्तीनंतर सावकाश वाचताना ‘पुटभेदन’पाशी अडलो. पुट म्हणजे गाठोडं, भेदन म्हणजे फोडणं. मालाची गाठोडी जिथे सुटतात ती जागा, म्हणजे पेठच की! मग ते भरणारं पात्र आठवलं, ती उघडी चोच आठवली. तिन्ही कथा एकच सांगत होत्या : इथे बसल्या जागी सगळं चालत येतं. ग्रीक वकील मेगॅस्थनीसच्या काळी शोण नदी इथेच गंगेला मिळत होती. नावा इथे लागणार, माल इथे उतरणार. ‘संगमावरचं व्यापारी केंद्र’ असं आम्ही मुलांकडून घोकून घेतो, ते त्या पक्ष्याच्या चोचीत केव्हाचं होतं.

बुद्धांनी या नगराला तीन भयंही सांगितली : आग, पाणी आणि आपसातली फूट. मुंबईच्या सर रतन टाटांच्या पैशातून पुरातत्त्वज्ञ स्पूनर यांनी १९१३ पासून पाटण्यातल्या कुम्हरारला उत्खनन केलं. तिथल्या भव्य सभामंडपाचे खांब जिथे उभे होते, तिथे राखेची वर्तुळं सापडली. १९७५ मध्ये पाटणा पुरात बुडालं. भविष्य खरं ठरलं, असं मला म्हणायचं नाही. पण नदीकाठी लाकडी तटाआड राहणारी माणसं कशाला भीत होती, हे त्या वाक्यात जपून राहिलंय. अजातशत्रूचा किल्ला जितका इतिहास, तितकीच ही भीतीही.

वर्गात एखादं मूल अशी गोष्ट सांगायला उभं राहिलं, तर शिक्षकहो, त्याला ती पुरी करू द्या. मग फळ्यावर नदी काढा आणि विचारा, तो पक्षी नेमका इथेच का बसला असेल?