गोळी उतरवताना

आमच्या छत्रपती संभाजीनगरात ‘तो गोळ्या खातो’ असं कुणाबद्दल म्हटलं, की ऐकणारा त्याच्या बीपीची चौकशी करत नाही. झोपेच्या आणि चिंतेच्या आजारावरच्या गोळ्या पोरं नशेसाठी खातात, गल्लीबोळात त्यांना ‘बटन’ म्हणतात, आणि बटन विकणारा पकडल्याची बातमी इतकी सरावाची झाली आहे की ती वाचून कुणी हातातला चहा खाली ठेवत नाही. 2023 च्या ऑक्टोबरात पैठणच्या औद्योगिक वसाहतीत महसूल गुप्तचर संचालनालयाची धाड पडली, कोट्यवधी रुपयांचा अमली माल सापडला, तेव्हा मात्र शहर हादरलं होतं. अशा गावात बँकेतून निवृत्त झालेल्या, सिडकोत राहणाऱ्या बाईने ‘मला गोळीशिवाय जमत नाही’ असं म्हणायचं म्हणजे अवघडच. म्हणून मी ते म्हणत नसे. पाठीच्या मणक्याचं ऑपरेशन झालं, चकती नीट बसली, पण डाव्या पायातली कळ काही गेली नाही. त्या कळेवर मला ट्रामाडॉल आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी सुरू झाली. घरात तिचं नाव ‘दुखण्याची गोळी’ एवढंच होतं. मुलाला फोनवर सांगतानाही तेवढंच.

ट्रामाडॉल हे अफूच्या कुळातल्या औषधांसारखं काम करणारं, पण प्रयोगशाळेत बनवलेलं औषध. त्याचे गुण दोन दिशांचे. एकीकडे ते मॉर्फिनसारखं मेंदूतल्या वेदनेच्या दारावर जाऊन बसतं; दुसरीकडे सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रिनॅलिन या रसायनांची उठबस बदलतं, म्हणजे नैराश्यावरच्या काही गोळ्या करतात तेच काम थोडंफार करतं. त्यामुळे दुखणं कमी होतं आणि काहींचं मनही जरा हलकं होतं. माझं होत असे, हे मी नाकारणार नाही. शिवाय यकृतात त्याचं रूपांतर व्हावं लागतं, ते कुणात भरपूर होतं, कुणात जवळपास होतच नाही. म्हणून एकाच गोळीने एक जण गाढ झोपतो आणि दुसरा ‘काही फरक नाही’ म्हणतो.

गोळी घ्यायला मेडिकलमध्ये गेलं की खरा सोहळा. जुना दुकानदार चिठ्ठी उलटीसुलटी करून आधी तारीख बघतो. मग गल्ल्याखालचं रजिस्टर काढतो, त्यात डॉक्टरचं नाव, माझं नाव, औषध, किती दिलं ते लिहितो. 2014 च्या मार्चपासून लागू झालेल्या ‘एच-वन’ यादीतल्या औषधांना हे रजिस्टर बंधनकारक आहे आणि ते तीन वर्षं जपून ठेवावं लागतं. पुढे 2018 च्या एप्रिलमध्ये केंद्राने ट्रामाडॉल थेट अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणलं. हे सगळं योग्यच. पण रजिस्टरमध्ये नाव लिहिलं जात असताना मागे रांगेत शेजारच्या सोसायटीतल्या वहिनी उभ्या असल्या, की मी उगाच खोकल्याच्या औषधाचीही किंमत विचारत असे. एकदा तारीख उलटलेली चिठ्ठी होती, तर काउंटरवरचा पोरगा मोठ्यांदा म्हणाला, “आंटी, ये वाली पुरानी चिठ्ठी पे नहीं मिलती, नशे की गोली में आती है.” दुकानातल्या सगळ्या माना वळल्या. पोराचं काही चुकलं नव्हतं. कायद्याने त्याला जे सांगितलं, ते त्याने आपल्या शब्दांत सांगितलं.

हळूहळू गोळ्या वाढत गेल्या आणि आराम मात्र तेवढाच राहिला. माझे नेहमीचे डॉक्टर दुसऱ्या गावी गेले. नव्या डॉक्टरांनी फाईल चाळली, ‘इतके दिवस हे कुणी घेतं का’ म्हणाले, मज्जातंतूंच्या कळेवरची प्रीगाबालिन रात्री एक अशी लिहून दिली आणि ट्रामाडॉलवर आडवी रेघ मारली. उद्यापासून बंद. औषधाची निवड बरोबर होती. मज्जातंतूंच्या कळेला प्रीगाबालिन हे हक्काचं औषध. चूक होती त्या ‘उद्यापासून’मध्ये.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून जांभया सुरू झाल्या. एकामागून एक, जबडा दुखेपर्यंत. मग नाक गळू लागलं, अंगावर काटा, पोटात मुरडा. संध्याकाळी घामाने ब्लाउज पाठीला चिकटला आणि त्याच वेळी मी स्वेटर शोधत होते. भाद्रपदाचे दिवस, घरोघरी डेंग्यू. ह्यांनी माझं काहीएक न ऐकता रिक्षा बोलावली आणि लॅबमध्ये नेऊन माझं रक्त तपासायला दिलं. प्लेटलेट्स उत्तम आल्या. रात्री मात्र पाय कुठे ठेवावेत ते कळेना. दुखत नव्हते; आतून वळवळत होते, ओढत होते. पलंगावरून फरशीवर, फरशीवरून गॅलरीत, पुन्हा पलंगावर. मधूनच डोक्यात विजेचा बारीक झटका बसल्यासारखं व्हायचं. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे धास्ती, कशाची ते न सांगता येणारी. पहाटे मला लख्ख कळलं, की फ्रिजवरच्या डब्यात उरलेलं अर्धं पाकीट आहे आणि त्यातली एक गोळी घेतली तर हे सगळं तासाभरात थांबेल. ते कळणं त्या वळवळीपेक्षा भयंकर होतं. अनिल अवचटांनी ‘गर्द’मध्ये ब्राऊन शुगर सोडणाऱ्या पोरांची जी ‘टर्की’, म्हणजे नशा तुटल्यावरची तडफड, लिहिली, ती मी कधीकाळी हळहळत वाचली होती. आता वाटलं, म्हणजे आपण त्यांच्यातल्याच.

ती गोळी मी घेतली नाही. त्यात शूरपणा नव्हता, घाबरले होते. दोन दिवसांनी ओळखीच्यांनी ज्यांच्याकडे पाठवलं, त्या डॉक्टर बाई मूळच्या भूलतज्ज्ञ, आता फक्त दुखण्याचेच पेशंट बघतात. त्यांनी आधी पायाबद्दल विचारलंच नाही. विचारलं, “गोळी घेतल्यावर तुम्ही दिवसभर काय करता?” मी म्हटलं, जिना उतरून भाजी आणते, स्वयंपाक करते, नातीला शाळेच्या रिक्षेतून उतरवून घेते. “आणि नाही घेतली तर?” तर काहीच नाही, पडून राहते. मग त्या म्हणाल्या, “व्यसनात उलटं असतं ताई. तिथे गोळी लागू झाली की माणसाची भाजी, स्वयंपाक, नात सगळं सुटत जातं, तरी तो घेतो.” डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे औषध घेणाऱ्या शरीराला त्याची सवय होणं, हळूहळू जास्त लागणं, अचानक तोडल्यावर त्रास होणं या गोष्टी एकट्याने व्यसनाचा पुरावा होत नाहीत. 2013 साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ संघटनेने निदानाची नवी पुस्तिका काढली, तिच्यात यांतली शेवटची दोन लक्षणं अशा पेशंटच्या बाबतीत मोजूच नयेत असं स्पष्ट लिहिलं आहे. बीपीच्या काही गोळ्या एकदम सोडल्या तर बीपी उसळी मारतं. त्या पेशंटला कुणी नशेबाज म्हणत नाही.

असं असलं तरी बाईंनी मला सरसकट निर्दोष ठरवलं नाही, आणि ते मला आवडलं. दुखत नसताना गोळी आठवते का, घरातल्यांपासून लपवता का, ठरल्यापेक्षा लवकर पाकीट संपतं का, घराण्यात दारूचं कुणाला होतं का, हे सगळं त्यांनी खोदून विचारलं आणि लिहून ठेवलं. सवय आणि व्यसन यांच्यात भिंत नाही, चालत जाता येईल एवढंच अंतर आहे. कुणी तिकडे पोचतंही. म्हणून तर लपवणं धोक्याचं.

मग उतरण सुरू झाली. देवगिरीचा किल्ला चढताना दम लागतो, पण गुडघे बोलतात ते उतरताना; घाई केली की पाय निसटलाच. ट्रामाडॉल पुन्हा सुरू करून, प्रीगाबालिन मुरू देऊन, आधी दुपारची अर्धी गोळी कमी केली. ती अंगवळणी पडेपर्यंत थांबायचं, मगच पुढची अर्धी. शेवटची अर्धी सगळ्यात चिवट निघाली. मध्ये एकदा लग्नाच्या धावपळीत थांबलो, मागे गेलो नाही, तिथेच राहिलो. प्रीगाबालिनही उद्या सोडायची झाली तर तीही एकदम सोडायची नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी चिठ्ठीच्या खाली लिहून दिलं. आयुष्यात पहिल्यांदा मी अशी चिठ्ठी पाहिली, जिच्यात औषध कसं घ्यायचं याबरोबर ते कसं थांबवायचं हेही होतं.

एका वेदनाशामकावरून दुसऱ्यावर जाणं हा त्रैराशिकाचा हिशेब नसतो, हेही तिथेच कळलं. समजा मॉर्फिनवरून त्याच जातीच्या दुसऱ्या औषधावर न्यायचं आहे. कोष्टकातून समान डोस काढायचा आणि मग तो पाव ते निम्म्याने कमी करायचा, कारण शरीर एका औषधाला जेवढं निबर झालेलं असतं तेवढं दुसऱ्याला नसतं. पूर्ण डोस दिला तर श्वास मंदावू शकतो. फेंटानिलची चिकटपट्टी लावली तर तिचा पूर्ण गुण यायला बारा तासांहून जास्त लागतात, तोवर आधीच्या औषधाचा आधार ठेवावा लागतो. ब्युप्रेनॉर्फिन तर आणखी हट्टी. मॉर्फिन अंगात असताना ते दिलं तर मॉर्फिनला जागेवरून हुसकतं आणि टर्की आणतं. हेच ब्युप्रेनॉर्फिन नशामुक्तीच्या उपचारातही जिभेखाली ठेवायला देतात. वेदनेवरचं आणि व्यसनावरचं औषध एकच, हे ऐकून मला आधी गंमत वाटली, मग धीर आला.

आमखास मैदानाजवळच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात मराठवाड्यातूनच नव्हे, शेजारच्या जिल्ह्यांतूनही माणसं येतात. माझ्या चुलत नणंदेला तोंडाचा कर्करोग होता. तिला मॉर्फिन द्यायचं ठरलं तेव्हा घरातल्या कर्त्या पुरुषांनी आधी नकार दिला: “म्हातारपणी नशा लावायची का तिला?” तिच्यापुढे काही महिनेच उरले होते आणि तिला पाणी गिळताना रडू यायचं. अखेर थोरल्या सुनेने पदर खोचून सगळ्यांना ऐकवलं. मॉर्फिनच्या गोळ्या दर चार तासांनी सुरू झाल्या, बद्धकोष्ठाचं औषध बरोबरीने. चौथ्या दिवशी नणंदेने चहात बुडवून बिस्कीट खाल्लं. दिवाळीला अनारशांवर जी खसखस लावतो, ती ज्या बोंडातून येते त्याच्याच चिकातून हे मॉर्फिन येतं. अनारशाला कुणी नाही म्हणत नाही.

ही भीती नुसती घरगुती नाही, ती कायद्यातही होती. अमली पदार्थांचा कायदा देशात 14 नोव्हेंबर 1985 ला लागू झाला. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेसाठी औषधांची चढती शिडी सुचवली, तिची वरची पायरी मॉर्फिन. त्याच 1986 मध्ये वांद्र्याला ‘शांती आवेदना सदन’ सुरू झालं, देशातलं पहिलं हॉस्पिस. आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये पुण्यात डॉ. अनिता अवचटांनी ‘मुक्तांगण’ उघडलं, पुलं आणि सुनीताबाईंच्या मदतीने. एकीकडे वेदनेतून सोडवणारी माणसं, दुसरीकडे व्यसनातून सोडवणारी. दोघांचंही काम एकाच वेळी उभं राहत होतं. कायद्याने मात्र दोघांच्या पेशंटांना एकाच काठीने हाकलं. परवान्यांवर परवाने, चुकलं तर तुरुंग. बहुतेक रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. अधिकृत अफू पिकवून जगाला पुरवणाऱ्या या देशात 1997 मध्ये वैद्यकीय कामासाठी वर्षभरात वापरलं गेलेलं मॉर्फिन होतं अवघं 18 किलो. कायदा सुधारला 2014 मध्ये, मान्यताप्राप्त रुग्णालयांना राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरेशी झाली. मधली जवळजवळ तीन दशकं लोक कण्हत गेले, ते कुठल्याही रजिस्टरात लिहिलेले नाहीत.

अमेरिकेने नेमकी उलटी चूक केली. 1996 मध्ये बाजारात आलेलं ऑक्सिकॉन्टिन ‘याची सवय लागत नाही’ अशा थाटात खपवलं आणि साध्या पाठदुखीलाही दिलं. मग माणसं मरू लागली, तेव्हा डॉक्टर इतके बिचकले की वर्षानुवर्षं औषध घेणाऱ्यांचे डोस एका भेटीत तोडू लागले. 2019 च्या एप्रिलमध्ये तिथल्या औषध प्रशासनाला जाहीर इशारा द्यावा लागला: एकाएकी तोडू नका, त्याने पेशंटची वेदना उसळते, आत्महत्याही होतात. आपण हात झटकून मोकळे होऊ शकत नाही. 2025 च्या फेब्रुवारीत उघड झालं, की आपल्याच मुंबईजवळच्या एका कंपनीत टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल एकत्र केलेल्या गोळ्या बनून पश्चिम आफ्रिकेतल्या पोरांच्या हाती नशेसाठी जात होत्या. सरकारने त्या मिश्रणाची निर्यात थांबवली. सैल सोडणं आणि करकचून आवळणं, आपल्याला हे दोनच प्रकार जमतात. मधलं काम, म्हणजे पेशंटसमोर बसून दहा मिनिटं बोलणं, ते ओपीडीच्या गर्दीत कुणाच्याच वाट्याला येत नाही.

माझी कळ अजून आहे. पावसाळ्यात जास्त, मे महिन्यात कमी. ट्रामाडॉल सुटली. सुटली नसती आणि डॉक्टरांनी ती चालू ठेवायला सांगितली असती, तरी आता मी रजिस्टरसमोर खोकल्याच्या औषधाची चौकशी केली नसती.

तुम्ही किंवा घरातलं कुणी अशी गोळी घेत असाल तर एवढं करा. पहिली चिठ्ठी लिहिली जात असतानाच डॉक्टरांना विचारा, ही किती दिवस आणि थांबवायची कशी. स्वतःच्या मनाने एकदम सोडू नका, शेजारणीची उरलेली घेऊ नका, झोपेच्या गोळीबरोबर किंवा दारूबरोबर तर नाहीच. सगळी पाकिटं पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ओता. आणि गोळी आपल्याला घेते आहे की आपण गोळीला, अशी शंका रात्री उठवत असेल, तर नशामुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन 14446 आहे आणि मनाच्या त्रासासाठी टेलिमानस 14416. दोन्ही फोन फुकट आहेत आणि टेलिमानसवर मराठीत बोलता येतं.