मी पाहिलेला चित्रपट : 'अलीगढ'



'मी पाहिलेला चित्रपट' हा निबंधाचा विषय आपण मुलांना दरवर्षी देतो. चित्रपटाचं नाव, कलाकार, कथा, आवडलेला प्रसंग, मिळालेला बोध असे मुद्दे फळ्यावर लिहून देतो आणि मुलं त्यावरून दहा-पंधरा ओळी लिहून आणतात. आज तोच निबंध मी तुमच्यासाठी लिहिते आहे. एक गोष्ट आधीच सांगते, हा चित्रपट प्राथमिकच्या मुलांना दाखवायचा नाही. तो आपण मोठ्यांनी पाहायचा आहे. शिक्षकांनी तर नक्कीच, कारण तो मराठीच्या एका शिक्षकाची खरी गोष्ट सांगतो.

चित्रपटाची ओळख

'अलीगढ' हा हंसल मेहता यांनी दिग्दर्शित केलेला हिंदी चित्रपट. कथा-पटकथेचं काम मुख्यतः अपूर्व असरानी यांचं. तो फेब्रुवारी २०१६ मध्ये चित्रपटगृहांत आला. डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस यांची भूमिका मनोज बाजपेयी यांनी केली आहे, त्यांना भेटायला येणाऱ्या तरुण पत्रकाराची राजकुमार राव यांनी आणि वकिलांची आशिष विद्यार्थी यांनी.

सिरस सर मूळचे नागपूरचे. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात ते मराठी शिकवायचे आणि आधुनिक भारतीय भाषा विभागाचे प्रमुख होते. कवी होते. त्यांच्या 'पायाखालची हिरवळ' या संग्रहाला महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळाला होता. जरा विचार करा, उत्तर प्रदेशातल्या एका गावात, घरात मराठी बोलायला कुणी नसताना, हा माणूस वीस वर्षांहून जास्त काळ मराठी शिकवत राहिला.

कथा

८ फेब्रुवारी २०१० च्या रात्री दोन माणसं कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात घुसली. सर त्या वेळी एका सायकलरिक्षा चालवणाऱ्या पुरुषाबरोबर होते. त्यांचं चित्रीकरण केलं गेलं. दुसऱ्याच दिवशी विद्यापीठानं सरांना निलंबित केलं. निवृत्तीला फक्त काही महिने उरले होते. विद्यापीठाचं घर सोडायला सांगण्यात आलं.

इथे कायदा थोडा समजून घेऊ. कलम ३७७ खाली समलिंगी संबंध हा पूर्वी गुन्हा होता. दिल्ली उच्च न्यायालयानं २ जुलै २००९ ला निकाल दिला की दोन सज्ञान माणसं संमतीनं, खासगीत जवळ आली तर तो गुन्हा नाही. म्हणजे सरांच्या घरात कॅमेरा शिरला त्याच्या सात महिने आधीचा हा निकाल. सर कोर्टात गेले. १ एप्रिल २०१० ला अलाहाबाद उच्च न्यायालयानं त्यांच्या निलंबनाला स्थगिती दिली. आणि ७ एप्रिलला ते भाड्याच्या खोलीत मृतावस्थेत सापडले. तो मृत्यू नक्की कसा झाला याचा उलगडा शेवटपर्यंत झाला नाही.

निकाल आणि मृत्यू यांत सहा दिवसांचं अंतर. चित्रपट संपल्यावर हे सहा दिवसच माझ्या डोक्यात फिरत राहिले. कोर्टात तर ते जिंकले होते.

आवडलेला प्रसंग

एकच सांगायचा तर कोर्टातला. बाहेर एवढं रण माजलेलं, दोन्ही बाजूंचे वकील तावातावानं बोलतायत, आणि ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय ते सर मात्र आपल्या मराठी कवितांच्या भाषांतरात गुंतलेले. मध्येच त्यांना डुलकीही लागते. परीक्षेच्या काळात पर्यवेक्षण करता करता पेपर तपासणारे आपले एखादे जुने सर आठवावेत, अगदी तसे ते दिसतात.

दुसरं म्हणजे त्यांचं एकटेपण. संध्याकाळी घरात एकटं बसून लताबाईंची जुनी गाणी ऐकायची, बरोबर गुणगुणायचं. घराची वीज तोडली जाते. नवी खोली मिळते, मग तीही सोडावी लागते. हे पाहताना मला आपला पूनम सागर आठवला. इथे एवढ्या इमारती, एकेका सोसायटीत मराठी, गुजराती, मुसलमान, ख्रिश्चन, दक्षिण भारतीय अशी कितीतरी घरं. तरी एकटा पुरुष किंवा एकटी बाई भाड्यानं घर बघायला आली की एजंटचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : फॅमिली आहे का? 'नाही' म्हटलं की पुढचं बोलणंच बदलतं. आपल्याकडे बदलीवर आलेल्या किती शिक्षकांना हा अनुभव आला असेल.

शिक्षकांचीच भीती का वाटते?

याच विषयावरचा आणखी एक चरित्रपट आहे, अमेरिकेतला. नाव 'मिल्क', साल २००८, दिग्दर्शक गस व्हॅन सँट. त्यात शॉन पेन यांनी हार्वे मिल्क यांची भूमिका केली आणि त्यांना ऑस्कर मिळालं. मिल्क यांचं सॅन फ्रान्सिस्को शहरात कॅमेऱ्याचं दुकान होतं. निवडणुकांत तीनदा हरले, पण १९७७ मध्ये शहराच्या मंडळावर निवडून आले. आपल्या भाषेत नगरसेवकच म्हणा. स्वतः समलिंगी असल्याचं उघड सांगून निवडून आलेल्या तिथल्या पहिल्या काही लोकप्रतिनिधींपैकी ते एक. त्यांनी केलेलं एक काम ऐकून तुम्हाला गंमत वाटेल. कुत्र्यानं रस्त्यावर केलेली घाण मालकानंच उचलायची, असा नियम त्यांनी आणला. आपल्याकडच्या सकाळच्या फुटपाथवर चालणाऱ्याला हा माणूस लगेच आपला वाटेल.

आता आपल्याशी संबंध असलेली गोष्ट. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियात 'प्रस्ताव ६' नावाचा कायदा मतदानाला आला. जॉन ब्रिग्ज नावाच्या राज्यातल्या सिनेटरनं तो आणला होता. प्रस्ताव काय, तर सरकारी शाळांतल्या समलिंगी शिक्षकांना नोकरीवरून काढता यावं. इतकंच नाही, त्यांच्या बाजूनं जाहीरपणे बोलणाऱ्या शिक्षकांनाही. मिल्क यांनी स्वतः पूर्वी काही काळ शाळेत शिकवलेलं होतं. त्यांनी राज्यभर फिरून ब्रिग्ज यांच्याशी जाहीर वाद घातले. सुरुवातीला प्रस्ताव सहज मंजूर होईल असं चित्र होतं. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले रोनाल्ड रेगन दुसऱ्याच विचारांचे, पण त्यांनीही विरोध केला. ७ नोव्हेंबरला सुमारे ५८ टक्के लोकांनी 'नाही' म्हटलं. त्यानंतर वीसच दिवसांनी, २७ नोव्हेंबर १९७८ ला, मिल्क आणि शहराचे महापौर जॉर्ज मॉस्कोनी यांची गोळ्या घालून हत्या झाली. मारणारा मंडळावरचाच माजी सहकारी होता.

डॉक्टर चालतो, वकील चालतो, दुकानदार चालतो. मग शिक्षकासाठीच वेगळा कायदा का हवा होता? कारण शिक्षकाच्या हातात मुलं असतात. ही भीती फक्त अमेरिकेची नाही. आमच्या शाळेत एका पालकसभेनंतर एक आई थांबल्या. मुलाची तुकडी बदलून हवी होती. कारण विचारलं तर आधी टाळाटाळ. मग हळूच म्हणाल्या, "टीचर, ते सर एकटेच राहतात ना. वय झालं तरी लग्न नाही. बिल्डिंगमधले लोक काहीबाही बोलतात. मुलाला त्यांच्या वर्गात ठेवायला भीती वाटते."

मी विचारलं, "सरांनी तुमच्या मुलाशी कधी काही वावगं केलंय का? मूल घाबरतं का त्यांना?"

"छे छे! उलट भागाकार त्यांच्यामुळेच जमायला लागला."

मग आम्ही दोघी वर्गाबाहेरच्या बाकावर बराच वेळ बोललो. मी त्यांना जे सांगितलं तेच तुम्हाला सांगते.

तुमची काळजी खोटी नाही. मुलाच्या सुरक्षिततेची काळजी प्रत्येक आईनं करावीच. पण ती योग्य ठिकाणी करा. मुलांवरचे लैंगिक अत्याचार रोखणारा पॉक्सो कायदा २०१२ चा आहे. तो माणूस विवाहित आहे की अविवाहित, त्याला बाई आवडते की पुरुष, हे विचारत नाही. मुलाशी काय केलं, एवढंच विचारतो. मुलांना त्रास देणारा माणूस बहुतेक वेळा ओळखीचाच असतो आणि त्याचं लग्न झालेलं असू शकतं, मुलंबाळंही असू शकतात. एखादा पुरुष समलिंगी असणं आणि मुलांना धोकादायक असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एक समजलो तर आपण चुकीच्या माणसावर पहारा ठेवू आणि खरा धोका मागच्या दारानं येईल.

मग विचारायचं काय? हे विचारा : कोणताही शिक्षक एका मुलाला घेऊन बंद खोलीत बसतो का? स्वच्छतागृहाकडे लक्ष कोणाचं असतं? मुलांना चांगला स्पर्श, वाईट स्पर्श शिकवलाय का? तक्रार कोणाकडे करायची हे मुलाला माहीत आहे का? हे नियम सगळ्या शिक्षकांना सारखेच हवेत, मला धरून.

आणि ते सर? ते कोण आहेत, त्यांनी लग्न का केलं नाही, हे मला माहीत नाही. मी विचारलंही नाही. शाळा सुटल्यावर दार लावून घेतलं की त्यामागचं आयुष्य त्यांचं. खासगीपण हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ मध्ये एकमतानं सांगितलंय.

त्या आईंना सगळं पटलं असं मी म्हणणार नाही. घरी मिस्टरांशी बोलते म्हणाल्या. तुकडी बदलण्याचा अर्ज त्यांनी पर्समध्ये परत ठेवला. अजून तरी तो कार्यालयात आलेला नाही.

कायदा आज कुठे आहे?

दिल्लीचा २००९ चा निकाल सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१३ मध्ये फिरवला. म्हणजे 'अलीगढ' चित्रपटगृहात लागला तेव्हा हा पुन्हा गुन्हा होता. अखेर ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायाधीशांच्या पीठानं एकमतानं सांगितलं की सज्ञान व्यक्तींमधले संमतीचे संबंध गुन्हा नाहीत. विवाहाला मात्र २०२३ मध्ये न्यायालयानं मान्यता दिली नाही.

हा आजार आहे का, असं काही पालक विचारतात. नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. 'औषधानं बरं करतो' म्हणणाऱ्याकडे आपल्या मुलाला नेऊ नका. असे उपचार करणं हे डॉक्टरांसाठी गैरवर्तन ठरवण्यात आलंय.

आपल्या महाराष्ट्रातही यावर काम करणारी माणसं आहेत. मुंबईत अशोक राव कवी यांनी १९९० मध्ये 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक सुरू केलं आणि पुढे हमसफर ट्रस्ट उभा केला. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी समपथिक ट्रस्ट सुरू केला आणि या विषयावर मराठीत पुस्तकं लिहिली. त्यांची 'पार्टनर' कादंबरी पालकांनी जरूर वाचावी.

मिळालेला बोध

मुलांच्या निबंधात इथे 'आपण नेहमी खरे बोलावे' असं एक वाक्य येतं. माझा बोध जरा लांब आहे.

सिरस सरांना न्यायालयानं न्याय दिला. पण त्यांच्यासोबत चहा प्यायला बसणारं माणूस न्यायालय देऊ शकत नाही. ते विभागातले सहकारी देऊ शकतात, शेजारी देऊ शकतात, जुने विद्यार्थी देऊ शकतात. चित्रपटात सरांशी मनमोकळं बोलतो तो दिल्लीहून आलेला एक अनोळखी पत्रकार मुलगा. ज्यांच्यासोबत इतकी वर्षं काढली त्यांच्यातले बहुतेक लांबच राहतात. कुणी मारलं नाही, शिव्या दिल्या नाहीत, फक्त येणं थांबवलं. शिक्षकांनो, हे काम आपल्या स्टाफरूममध्येही अगदी सहज होतं. एखादे सर आले की गप्पा थांबतात, मग ते डबा वर्गातच खायला लागतात. पुढच्या वर्षी ते बदली मागतात आणि आपण म्हणतो, 'जमलं नाही त्यांना इथे.'

आणि हे फक्त मोठ्यांपुरतं नाही. तिसरी-चौथीच्या वर्गात मुलींबरोबर लंगडी खेळणारा, नाच आवडणारा, हळू आवाजात बोलणारा एखादा मुलगा असतो. त्याला 'बायल्या' म्हणून हाक मारली जाते. तो पुढे कोण होईल हे तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही नाही. माहीत असण्याची गरजही नाही. पण ती हाक ऐकून बाई हसल्या की नाही, हे त्याला कायम लक्षात राहतं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार मुलाला मानसिक त्रास देण्यालाही मनाई आहे. वर्गात हा शब्द वापरायचा नाही, एवढा नियम करायला कोणाची परवानगी लागत नाही.

स्वाध्याय (फक्त मोठ्यांसाठी)

१. तुमच्या शाळेत किंवा सोसायटीत एकटे राहणारे कोणी आहे का? त्यांच्याबद्दल तुम्हाला जे 'माहीत' आहे, त्यातलं स्वतः पाहिलेलं किती आणि ऐकलेलं किती?
२. मुलांच्या सुरक्षिततेचे तुमच्या शाळेतले चार नियम लिहा. ते सर्व शिक्षकांना सारखे लागू आहेत का?
३. तुमचं मूल मोठं झाल्यावर 'आई, मी असा आहे' असं म्हणालं, तर तुमचं पहिलं वाक्य कोणतं असेल? ते आजच लिहून ठेवा.

तिसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर मी वहीत लिहिलंय. दोनदा खोडलं, तिसऱ्यांदा लिहिलं, 'बस, आधी जेवून घे, मग सगळं सांग.' तुमचं काय आहे, जरूर कळवा.