नंबर काय आला?

आमच्या उर्दू हायस्कूलच्या ऑफिसात एक जुना कॉम्प्युटर आहे. माजी विद्यार्थ्यांनी तो शाळेला दिला तेव्हाच कुणाच्या तरी दुकानात चार-पाच वर्षे राबून तो आलेला होता. दाखले, निकालपत्रके, मुलांच्या आधार कार्डांच्या आणि बँक पासबुकांच्या प्रती, सहामाहीचे पेपर, सगळे त्याच्याच पोटात. मी पाचवीला उर्दू आणि आठवी-नववीला इतिहास शिकवते. पण कीबोर्डवर माझा हात बरा चालतो, एवढ्या गुन्ह्याबद्दल कॉम्प्युटरचे काम माझ्या गळ्यात पडले.

२०२४ च्या पावसाळ्यात या कॉम्प्युटरने हट्ट धरला. विंडोज १० चे अपडेट त्याच्यावर काही केल्या बसेना. 'अपडेट अयशस्वी, पुन्हा प्रयत्न करा' असे तो सांगे आणि मी इमाने इतबारे पुन्हा प्रयत्न करी. तेच बटण, तोच गोल फिरणारा ठिपका, तेच उत्तर. जुलै गेला, ऑगस्ट गेला. शेवटी मी त्या सूचनेकडे बघणेच सोडून दिले.

अपडेट नाही बसले तर काय बिघडते, असे हेडसर म्हणाले. मलाही आधी तसेच वाटायचे. पण मे २०१७ ची गोष्ट माझ्या वाचनात होती. वॉनाक्राय नावाच्या व्हायरसने तेव्हा जगभरचे कॉम्प्युटर कुलूपबंद केले आणि कुलूप उघडण्याचे पैसे मागितले. इंग्लंडच्या सरकारी दवाखान्यांत रुग्णांना परत पाठवावे लागले. ज्या भगदाडातून तो शिरला, ते बुजवणारे अपडेट दोन महिने आधी, मार्च २०१७ मध्येच निघाले होते. ज्यांनी ते बसवले नाही त्यांच्या घरात चोर शिरला. आमच्या कॉम्प्युटरमध्ये तर शेकडो लेकरांची कागदपत्रे होती. ती आई-बापांनी आमच्या भरवशावर दिलेली होती.

बाजारातल्या दुरुस्तीवाल्याला बोलावले. त्याने दोन मिनिटे पाहिले आणि म्हणाला, "मॅडम, फॉरमॅट मारून टाकू. नवीन विंडोज टाकतो, एका तासाचं काम."

फॉरमॅट म्हणजे सगळे पुसून कोरी पाटी. फाइली पेनड्राइव्हवर काढून ठेवता आल्या असत्या. अडचण वेगळीच होती. आमच्या एका निवृत्त सरांनी २००८ पासून उर्दूचे सगळे पेपर आणि सरावपाठ इनपेजच्या जुन्या आवृत्तीत टाइप करून ठेवले होते. त्या आवृत्तीची फाइल वर्डमध्ये उघडत नाही. ती वाचायला इनपेजच लागते आणि त्याची सीडी केव्हाच हरवली होती. फॉरमॅट मारले असते तर फाइली राहिल्या असत्या, पण वाचणारा गेला असता. मी दुरुस्तीवाल्याला चहा पाजला आणि परत पाठवले.

त्याच दिवसांत माझ्या पाचवीच्या वर्गात एक मुलगा होता. त्याला वाचता येत नव्हते. मी धडा वाचून घेई, तो अडखळे. मी पुन्हा वाचून दाखवी, तो पुन्हा अडखळे. घरी वीस वेळा वाचून ये, असे सांगे. तो दुसऱ्या दिवशी पाठ करून येई आणि मधलेच वाक्य विचारले की खाली मान घालून उभा राही. रजिस्टरमध्ये मी त्याच्या नावापुढे 'कमजोर' असा शेरा लिहिला. त्याचे वडील एकदा शाळेत आले आणि म्हणाले, "आपा, इसके दिमाग में नहीं घुसता. गॅरेज पे लगा देता हूँ. हाथ का काम तो सीखेगा."

मी म्हणाले, "थांबा, बघू." पण काय बघायचे ते मला माहीत नव्हते.

माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा पुण्यात इंजिनीअरिंगला आहे. एका रविवारी फोनवर मी त्याच्यापुढे कॉम्प्युटरचे रडगाणे गायले. त्याने मध्येच थांबवले. "खाला, अपडेट फेल हुआ, फेल हुआ मत बोलो. नंबर क्या आया वो बोलो."

नंबर? तीन महिन्यांत मी कधी नंबर पाहिलाच नव्हता. 'अयशस्वी' एवढा शब्द वाचून मी पान मिटत होते. सोमवारी अपडेटचा इतिहास उघडून पाहिला तर प्रत्येक अपयशापुढे एक क्रमांक लिहिलेला: ०एक्स८००७२एफ८एफ. भाच्याला कळवला. त्याचा उलटा प्रश्न आला, "कोपऱ्यातली तारीख बघ, काय आहे?"

तारीख होती १ जानेवारी २०१३.

ती तारीख आम्ही सगळे रोज पाहत होतो. फॉर्म भरायचा असला, वेबसाइट उघडेना, की कुणीतरी हाताने तारीख सुधारून घेई. संध्याकाळी भिंतीवरचे बटण बंद केले की रात्रीतून कॉम्प्युटर पुन्हा २०१३ मध्ये जाई. घड्याळाची आठवण ठेवायला आतल्या बोर्डावर बटणाएवढा एक सेल असतो, तो संपला होता. अपडेट पाठवणारा सर्व्हर आपली ओळख म्हणून प्रमाणपत्र दाखवतो. त्या प्रमाणपत्रावर अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, अशी मुदत असते. २०१३ मध्ये बसलेल्या कॉम्प्युटरला २०२४ चे प्रमाणपत्र खोटे वाटणारच. त्याच्या हिशेबाने ते अजून जन्मालाही आलेले नव्हते. तो दार उघडत नव्हता, यात त्याचा हट्ट नव्हता. त्याचे घड्याळ थांबले होते.

सेलचे नाव सीआर २०३२, म्हणजे वीस मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड. तीस-चाळीस रुपयांत मिळाला. शिपाईमामांनी झाकण उघडले आणि मी सेल बसवला. तारीख लावली आणि बटण दाबले. अपडेट पुन्हा फेल.

मी रागाने भाच्याला फोन केला. तो हसत म्हणाला, "नंबर?"

नंबर बदलला होता: ०एक्स८००७००७०.

"खाला, नंबर बदला ना? मतलब अपन आगे गये. पहला मर्ज ठीक हो गया, अब दुसरा दिखरा."

हा दुसरा नंबर म्हणजे जागा नाही. सी ड्राइव्ह काठोकाठ भरलेला होता. डिस्क क्लीनअप चालवले, जुन्या अपडेटचा कचरा काढला. डाउनलोडमध्ये कुणाकुणाच्या लग्नाचे व्हिडिओ होते, ते काढले. अर्धवट उतरलेल्या फाइली ज्या फोल्डरात साठतात, त्या सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्यूशन फोल्डरचे नाव, आधी अपडेटची सेवा थांबवून, बदलून ठेवले. विंडोज मग नवे फोल्डर स्वतःच तयार करते. या खेपेला अपडेट पूर्ण उतरले, कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला, टक्के वाढू लागले. मी श्वास रोखून बसले. आणि पडद्यावर आले: केलेले बदल मागे घेत आहोत, कॉम्प्युटर बंद करू नका. चाळीस मिनिटे तो बदल मागे घेत होता.

हेडसर म्हणाले, "पहिल्यापेक्षा जास्त बिघडवलंत." पण मला आता राग आला नाही. नवा नंबर होता: ०एक्स८००७३७१२. विंडोजचे स्वतःचे जे कोठार असते, ज्यातून ते आपले सुटे भाग घेते, त्यातलेच काही भाग खराब झाले होते. अपडेट चालू असताना वीज जाणे आमच्याकडे नवे नाही. भाच्याने दोन आज्ञा लिहून पाठवल्या. आधी डिस्म, ती कोठार दुरुस्त करते. मग एसएफसी, ती कोठारातले चांगले भाग काढून जागच्या जागी बसवते. हा क्रम महत्त्वाचा, कारण कोठारच नासले असेल तर त्यातून चांगले काय निघणार? डिस्म बासष्ट टक्क्यांवर बराच वेळ अडून राहिली. हात लावू नकोस, असे तो आधीच बजावून गेला होता.

नोव्हेंबरमधल्या एका संध्याकाळी अपडेट बसले. पावसाळाभर चुकलेली सगळी अपडेट एकदम आली, कारण विंडोज १० चे महिन्याचे अपडेट मागच्या सगळ्या महिन्यांचे सामान सोबत घेऊन येते. मधले चार चुकले तरी शेवटचे एक बसले की हिशेब पुरा होतो.

घरी जाताना हीच गोष्ट डोक्यात घोळत राहिली. आमची पाचवीची किताब पहिलीचा सबक सोबत घेऊन येत नाही. मधले चुकले ते चुकले.

तो मुलगा जून २०२० मध्ये पहिलीत दाखल झाला होता. शाळा त्या मार्चपासून बंद होत्या. डिसेंबर २०२१ मध्ये आमच्या भागातले लहान वर्ग उघडले, जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा बंद झाले. तो नीट वर्गात बसला तोवर तिसरी आली होती. त्याचे घड्याळ कुठे थांबले ते मी कधी पाहिले नव्हते. बी.एड.ला मी निदानात्मक चाचणीवर आठ पाने लिहिली होती आणि गुणही चांगले मिळवले होते. मात्र वर्गात इतक्या वर्षांत मी फक्त 'पुन्हा प्रयत्न करा' हे बटण दाबत आले होते.

दुसऱ्या दिवशी मी धडा बाजूला ठेवला आणि फळ्यावर सुटे शब्द लिहिले. 'दादा' त्याने वाचला. 'उर्दू' वाचला. 'दरवाजा' एवढा लांब शब्द, तोही घडाघडा वाचला. मग मी 'कलम' लिहिला आणि तो अडला. 'किताब', अडला. 'बस', तीन वर्षांचे लेकरू सांगेल तो शब्द, तिथेही अडला.

मी फळ्याकडे बघत राहिले. नंबर समोर लिहिलेला होता. अलिफ, दाल, डाल, ज़ाल, रे, ड़े, ज़े, झे आणि वाव हे नऊ हरूफ पुढच्या हरफाला हात देत नाहीत. उर्दूत लिहिलेल्या 'दरवाजा'त शेवटच्या हे सकट सगळे हरूफ सुटे उभे असतात. 'कलम'मध्ये क़ाफ, लाम, मीम एकमेकांत मिसळून आपली शक्ल बदलतात. लॉकडाऊनमध्ये थोरल्या बहिणीने त्याला घरी तख्तीवर हरूफ शिकवले होते, आणि चांगले शिकवले होते. पण जुळल्यावर हरफाचा चेहरा कसा बदलतो, हा सबक त्याला कुणीच दिला नव्हता. ज्या वर्गात तो सबक होता, त्या वर्गाला कुलूप होते.

मधल्या सुट्टीत रोज वीस मिनिटे आम्ही बसू लागलो. बे सुटा असा, शब्दाच्या सुरुवातीला असा, मध्ये असा, शेवटी असा. निवृत्त सरांच्या इनपेजमधल्या फाइलींत दोन हरफी, तीन हरफी शब्दांचे सरावपाठ निघाले. तेच छापून दिले. आधी तो जुळलेल्या हरफांवर चुकायचा, मग फक्त नुक्त्यांवर चुकू लागला. चूक होतीच, पण बदलली होती.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट बंद झाले. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची चिप आणि नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. आमच्या कॉम्प्युटरकडे दोन्ही नाही. मुलांची कागदपत्रे त्याच्यातून काढून घेतली, इंटरनेटची तार काढली. आता तो फक्त पेपर टाइप करतो. यंत्राला मुदत असते.

मुलगा सहावीत गेला. हळू वाचतो, बोट ठेवून वाचतो, पण वाचतो. वडील गॅरेजचे नाव अजून काढतात, फक्त आता सुट्टीपुरते. आणि रजिस्टरमध्ये मी आता कुणाच्या नावापुढे 'कमजोर' लिहीत नाही. कुठे अडतो, ते लिहिते.