चोवीस तासांची मालकी

सरडा म्हटलं की आपल्याला दोनच गोष्टी आठवतात. एक त्याची कुंपणापर्यंतची धाव आणि दुसरी म्हणजे निवडणुकीच्या दिवसांतले पुढारी. पण मित्रांनो, रंग बदलण्यात सगळ्यांचा बाप असलेला घोयरा सरडा किती जणांनी जवळून पाहिलाय? दोन डोळे दोन दिशांना फिरवणारा, चिमट्यासारख्या पायांनी फांदी धरणारा, शेपटीची गुंडाळी करणारा तो. इंग्रजीत शॅमेलिऑन. भारतात त्याची एकच जात आढळते.

मी पाहिला तो ऑक्टोबर २०२४ मध्ये. सबमिशन संपवून मी आणि माझा धुळ्याचा रूममेट शुक्रवारी संध्याकाळी जळगावहून बाईकवर निघालो होतो. पारोळ्याच्या अलीकडे हायवेच्या कडेला आठ-दहा माणसं काठ्या घेऊन उभी. मधे हा प्राणी, फुगून काळाठिक्कर झालेला, तोंड उघडून फुसफुसतोय. "इखारी आहे, चावला तर पाणी मागू देत नाही," असं प्रत्येक जण छातीठोक सांगत होता. खरं म्हणजे त्याला विष नसतंच. पण गर्दीशी वाद घालण्यापेक्षा रूममेटने हेल्मेट काढून पुढे केलं, मी एक काटकी त्याच्यासमोर धरली, तो सावकाश त्या काटकीवर चढला आणि आम्ही निघालो.

घरी पोचताच पहिलं काम केलं ते वनरक्षकांना फोन. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने हा प्राणी संरक्षित आहे. तो पाळता येत नाही आणि असा हातात आला तर ४८ तासांच्या आत कळवावं लागतं. ते दुसऱ्या गावाला होते. म्हणाले, "आजची रात्र सांभाळा, उद्या सकाळी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा, मी दुपारी येतो." म्हणजे एका रात्रीपुरते आम्ही अधिकृत मालक झालो!

आजीला ते अजिबात पटलं नाही. "हाई कसाले आनं रे घरमा?" म्हणत तिने आपली खाट ओट्यावर नेली.

आता याला ठेवायचं कसं? केळीचं प्लॅस्टिकचं कॅरेट उभं केलं, आत कडुलिंबाच्या फांद्या अडकवल्या, वरून जुनी मच्छरदाणी. वाटीत पाणी ठेवलं तर त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. मग मोबाईलवर शोधल्यावर कळलं की हा साचलेलं पाणी सहसा पीतच नाही, पानावरून ओघळणारे थेंब पितो. रूममेट मेडिकलमधून सलाईनचा सेट घेऊन आला. पाण्याची बाटली खुंटीला, नळी कडुलिंबाच्या पानावर, चाकी फिरवून दोन सेकंदाला एक थेंब. फ्लुइड मेकॅनिक्सचं प्रॅक्टिकल आयुष्यात पहिल्यांदा कामी आलं. दहा मिनिटांनी एक डोळा थेंबाकडे वळला, मग दुसरा. आणि तो प्यायला लागला. आम्ही दोघं श्वास रोखून बघत होतो. (सेमिस्टरच्या रिझल्टलासुद्धा एवढा रोखला नव्हता.)

खाणं म्हणजे नाकतोडे, तेही जिवंत. कपाशीत भरपूर होते, पण तिथे परवाच फवारणी झालेली. म्हणून बॅटरी घेऊन बांधावरच्या गवतात फिरलो आणि चार पकडले. एकालाही त्याने तोंड लावलं नाही. खरं तर आम्हाला ती जीभ बघायची होती. काही जातींत ती अंगापेक्षा लांब असते. आफ्रिकेतल्या एका छोट्या जातीच्या जिभेचा वेग गुरुत्वाकर्षणाच्या २६४ पट त्वरणाने वाढतो, असं २०१६ मध्ये मोजलं गेलंय. आमच्या बाईकचा विषयच सोडा.

रूममेटने दुसराही प्रयोग केला. आपला लाल टी-शर्ट कॅरेटमागे धरला. सरडा लाल होण्याऐवजी आणखी काळा पडला. बॅकग्राउंड बघून रंग बदलतो ही नुसती अफवा आहे. थंडी, ऊन, भीती, राग, जोडीदार, यांवर त्याचा रंग ठरतो. मादागास्करच्या एका जातीवर जिनिव्हाच्या शास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये दाखवलं की त्वचेत ग्वानिनचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. त्यांच्यातलं अंतर कमी-जास्त झालं की परावर्तित होणारा प्रकाश बदलतो आणि हिरव्याचा पिवळा होतो. म्हणजे आमचा पाहुणा काळा पडून एवढंच सांगत होता की बाबांनो, लांब व्हा. लांब झालो. रात्री दोन वाजता बॅटरीच्या अंधुक उजेडात पाहिलं, तर शेपटी गुंडाळून फिकट, जवळजवळ पांढुरका होऊन झोपला होता.

सकाळी मात्र फांदी सोडून तो कॅरेटच्या कोपऱ्यात उतरला आणि पुढच्या पायांनी प्लॅस्टिक खरवडायला लागला. थांबायचा, परत खरवडायचा. मला वाटलं बाहेर पडायला धडपडतोय. डॉक्टरांनी पोटावरून हलकेच बोट फिरवलं आणि हसले. "अरे, हा नाही, ही आहे. पोटात अंडी आहेत. माती शोधतेय."

म्हणजे एरवी झाडावर राहणारा प्राणी हायवेच्या कडेला का आला होता, ते आत्ता कळलं. मादी अंडी घालायला जमिनीवर उतरते, जागा शोधत हळूहळू चालते, आणि तेव्हाच माणसाच्या काठीखाली नाहीतर चाकाखाली सापडते. डॉक्टर म्हणाले, जखम किरकोळ आहे, पण माती मिळाली नाही तर अंडी आतच अडकून ही मरू शकते. आज सोडा.

इथे रूममेटचा चेहरा पडला. रात्रभरात त्याने तिचं नाव ठेवलं होतं, हॉस्टेलवर जाळीचा पिंजरा कुठे मावेल तेही ठरवलं होतं. "बाहेरच्या देशात लोक पाळतात ना," तो म्हणाला. पाळतात. येमेनकडची जात पाळतात. पण त्यासाठी खास दिवे, दिवसभर फवारा, कॅल्शियमची पूड, सगळा संसार लागतो, आणि आपल्याकडे अशा परदेशी जातींचीही आता सरकारी पोर्टलवर नोंदणी करावी लागते. त्याला हे सगळं माहीत होतं. तरी त्याने एकदा विचारलंच.

दुपारी वनरक्षक आले. जिथे सापडली तिथून जवळच, पण रस्त्यापासून आत, बाभळींच्या रांगेखालच्या भुसभुशीत बांधावर तिला सोडलं. पंधरा-वीस मिनिटं ती हललीच नाही. मग डुलत डुलत चार पावलं गेली आणि खणायला लागली. आम्ही लांब कडुलिंबाखाली बसून होतो. साडेपाचला तिचं डोकं मातीत गेलं होतं, नुसती शेपटी दिसत होती. रूममेटने फोटोसाठी मोबाईल काढला आणि न काढताच खिशात ठेवला. आम्ही उठलो.

रविवारी सकाळी परत जाऊन पाहिलं. खड्डा बुजवलेला, माती वरून दाबून सारखी केलेली, माहीत नसेल तर कळणारही नाही अशी. ती कुठेच दिसली नाही. ट्रॅक्टर त्या बाजूने वळतो म्हणून वडिलांना जागा दाखवून ठेवली, वर दोन काटेरी फांद्या टाकल्या, आणि संध्याकाळची एस.टी. पकडून जळगावला आलो. सोमवारी व्हायवा होती.