चांदणी चौकाचा चढ

पुणे सपाट आहे असे ज्याला वाटते, त्याने ते मोटारीतून पाहिलेले असावे. सायकलवाल्याला विचारा. तो सांगेल की या शहरात नदीकडे पाठ केली की चढ आणि नदीकडे तोंड केले की उतार. शनिवारवाड्याकडून स्वारगेटकडे निघालेला शिवाजी रस्ता पायी चालणाऱ्याला मोठा साळसूद वाटतो. पण मंडई मागे पडली की पेडल जड होऊ लागते. डेक्कनवरून कर्वे रस्त्याला लागा, तिथेही तीच कथा. विसाव्या वर्षी हे चढ ध्यानातही येत नाहीत. चाळिशीत त्यांची ओळख होते. साठीला मात्र ते आदल्या रात्रीच आठवू लागतात.

सायकलींचे शहर म्हणून पुण्याची ख्याती होती तो काळ ज्यांनी चाकावर बसून पाहिला, ती मंडळी आता साठी-सत्तरीत आहेत. तासाच्या बोलीवर मिळणाऱ्या भाड्याच्या सायकली, सायकलकराचा तो बिल्ला, रात्री दिवा नसला की चौकातला पोलीस दिसताच खाली उतरून सज्जनासारखे चालू लागणे, हे सारे त्यांनी केलेले आहे. त्याच पिढीपुढे आता एक नवा प्रश्न येऊन उभा आहे : या वयात विजेची सायकल घ्यावी की नाही? सारसबागेच्या बाकावर यावर रोज सकाळी चर्चा होते. एक म्हणतो, ती सायकलच नव्हे. दुसरा म्हणतो, तेवढ्या पैशांत जुनी स्कूटर येईल. तिसऱ्याचा मुलगा परदेशी असतो. तो म्हणतो, आता पुरे, रिक्षाने जात चला.

मला या प्रश्नात रस असण्याचे कारण साधे आहे. वय बासष्ट. घर सदाशिव पेठेत आणि आठवड्यातून चार दिवस एका संस्थेचे हिशेब पाहायला जायचे ते बावधनला. म्हणजे नऊ किलोमीटर जाणे, नऊ येणे. माझा भाचा ज्येष्ठात बंगळूरला गेला आणि जाताना आपली विजेची सायकल आमच्या वाड्याच्या बोळात लावून गेला. "मामा, वापरा बिनधास्त," तो म्हणाला, "फक्त मूठ पिळू नका." या मुठीचे प्रकरण पुढे येईलच. तेव्हा इथे लिहितो आहे ते ज्येष्ठ ते भाद्रपद अशा एका पावसाळ्याच्या अनुभवाचे.

अलका चौकातून लकडी पूल ओलांडला की पेठांचे राज्य संपते. पूल आता लाकडाचा नाही आणि कागदोपत्री त्याचे नाव संभाजी पूल आहे. पण १९६१ च्या पानशेतच्या पुरात तो पाण्याखाली गेला हे सांगणारी माणसे अजून भेटतात आणि ती त्याला लकडी पूलच म्हणतात. पुढे डेक्कन, गरवारे कॉलेज, आणि मग कर्वे रस्ता. ज्यांच्या नावाचा हा रस्ता, ते महर्षी कर्वे हिंगण्याच्या आश्रमातून फर्ग्युसन कॉलेजात शिकवायला रोज पायी येत असत. आश्रम हिंगण्याला गेला १९०० साली, आणि अण्णा १०४ वर्षे जगले. चालण्याचा आणि आयुर्मर्यादेचा संबंध डॉक्टरांनी जोडावा. मी आपला त्यांच्या रस्त्यावरून सायकल हाकतो, एवढेच.

या रस्त्याच्या डोक्यावरून ६ मार्च २०२२ पासून मेट्रो धावते. नळ स्टॉपला तर एकावर एक असे दोन पूल आहेत, आणि खाली सायकलवाल्याला पावसात थोडे छप्पर मिळते. मेट्रोने का जात नाही, असे कोणी विचारील. वनाजपर्यंत ती उत्तम नेते; पण माझ्या वाटेतला खरा चढ वनाजच्या पुढे आहे.

पौड फाट्याला उजवीकडे वळलो की रस्ता मनातल्या मनात चढू लागतो. डोळ्यांना दिसत नाही, मांड्यांना कळते. आषाढात त्यात वाऱ्याची भर पडते. पुण्याचा पावसाळी वारा पश्चिमेचा, घाटावरून येणारा. आणि मी सकाळी जातो तो पश्चिमेलाच. कोथरूड डेपो, भुसारी कॉलनी, आणि मग समोर चांदणी चौकाचा चढ. इथला जुना पूल २०२२ च्या ऑक्टोबरात सुरुंग लावून पाडला. आता नवे पूल झाले, रस्ते रुंद झाले, दिशादर्शक पाट्या इतक्या लागल्या की वाचेपर्यंत वळण निघून जाते. चढ मात्र होता तिथेच आहे. माझ्या साध्या सायकलीवर गेली दोन वर्षे मी हा शेवटचा टप्पा उतरून, सायकल हाताशी धरून चालत होतो. कचेरीत पोचेपर्यंत पन्नास-पंचावन्न मिनिटे होत आणि सदरा पिळून काढावा लागे.

विजेच्या सायकलीने ही वाट पस्तीस-चाळीस मिनिटांत होते. पण पहिल्या दिवशी माझ्या लक्षात राहिली ती मिनिटे नव्हेत. भुसारी कॉलनीच्या पुढे मी पेडल मारीत होतो, धापही थोडी लागत होती, आणि तरी सायकल थांबत नव्हती. लहानपणी सायकल शिकताना मागून कोणी सीट धरून धावत असे. त्याने हात सोडलाच नाही तर कसे वाटेल, तसे काहीसे. वेदभवनापाशी मी उतरायचे विसरून वरपर्यंत गेलो.

यात जादू नाही, साधे गणित आहे. सत्तर किलोच्या माणसाला सपाट रस्त्यावर, वारा नसताना, ताशी १५ किलोमीटर वेगाने जायला साठ-एक वॅट शक्ती लागते. तेवढी आपल्यापाशी साठीनंतरही असते, तासभर टिकते. रस्ता शंभर मीटरला तीन मीटर चढू लागला की वेग कमी करूनही त्याच्या दुप्पट शक्ती लागते, आणि तिथे तरुण आणि म्हातारा वेगळे होतात. मोटर भरून काढते ती एवढीच तूट. आपल्याकडे केंद्र सरकारच्या नियमांनी पाव किलोवॅटच्या आतली मोटर आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतला वेग असलेल्या सायकलीला मोटार वाहन मानलेले नाही. म्हणून नोंदणी नको, नंबर नको, परवाना नको. बॅटरी बहुधा ३६ व्होल्टची. ती पूर्ण भरायला अर्ध्या युनिटाहूनही कमी वीज लागते. सौभाग्यवतींनी पहिल्या महिन्याचे बिल हातात घेऊन बारकाईने पाहिले आणि काही न बोलता ठेवून दिले.

आता मुठीचे प्रकरण. आपल्या बाजारातल्या पुष्कळशा विजेच्या सायकलींना स्कूटरसारखी पिळायची मूठ किंवा अंगठ्याची कळ असते. ती वापरली की पाय स्वस्थ ठेवता येतात. जाहिरातीत हे वैशिष्ट्य म्हणून छापतात. मला विचाराल तर साठीच्या माणसाला खरा धोका याच कळीचा. पहिल्या आठवड्यात ती चढापुरती वापरावीशी वाटते, दुसऱ्यात वाऱ्यापुरती, आणि महिन्याने सपाट डेक्कनवरही पाय लोंबकळू लागतात. मग बॅटरी निम्म्या वाटेत संपते, गुडघे आखडतात, आणि पंचवीस-तीस हजारांना आपण एक मंद स्कूटर विकत घेतलेली असते. माझ्या गुडघ्यांबद्दल डॉक्टरांना विचारले होते. ते म्हणाले, "सायकल सोडू नका. चढावर उभे राहून दाबणे तेवढे सोडा." पेडल मारणाराला ही सायकल नेमकी तेवढीच सवलत देते, मूठ पिळणाराला ती सायकल सोडायलाच लावते.

दुसरी गोष्ट वजनाची. ही सायकल वीस-बावीस किलो, काही त्याहून जड. आमच्या वाड्यात सायकल उंबरठ्यावरून उचलून बोळात घ्यावी लागते, तेवढ्यानेच कंबर आपली हजेरी देते. ज्यांचे बिऱ्हाड लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहे आणि खाली कुलूप लावायला जागा नाही, त्यांनी दुकानाची पायरीही चढू नये. बॅटरी तेवढी किल्लीने निघते. ती दोन-तीन किलोंची, पिशवीत घालून वर नेता येते. ती भरावी ती तिच्याच चार्जरने, दिवसाउजेडी, डोळ्यांसमोर. जिन्यात किंवा दाराशी लावून झोपू नये.

वजनाचा खरा हिशेब मात्र पडण्याच्या वेळी होतो. वयस्क माणूस वेगात असताना क्वचित पडतो. तो पडतो बसताना आणि उतरताना. पाय मागून फिरवून टांग टाकायची आपली जुनी ऐट जड सायकलीवर अंगाशी येते. म्हणून दांडी नसलेली, पूर्वी लेडीज म्हणून हिणवली जाई ती चौकटच घ्यावी, पुरुषांनीसुद्धा. शिवाय स्वस्त सायकलींत मोटर पेडल फिरू लागल्यावर क्षणभराने, एकदम जोर करते. सिग्नलला उभे असताना पेडलवर भार देऊन ठेवला तर ती पुढच्या रिक्षावर नेऊन घालील. ब्रेक दाबला की मोटर बंद पडते. तेव्हा उभे असताना ब्रेकवर बोटे हवीत. ही सवय लागायला मला पंधरवडा लागला. ती लागली की हाच जोर उपकारक ठरतो, कारण चढावर सुटताना म्हाताऱ्याची सायकल जशी डुलते तशी ही डुलत नाही. चार हातांत वेग धरते आणि मागचा बसवाला हॉर्न वाजवायच्या आत आपण सरळ झालेलो असतो.

वाहतुकीची भीती मात्र मोटर घालवत नाही. महापालिकेने २०१७ साली सायकलींचा मोठा आराखडा मंजूर केला, त्याच सुमारास भाड्याच्या रंगीत सायकली फुटपाथवर उभ्या राहिल्या आणि काही वर्षांत दिसेनाशा झाल्या. सायकलमार्ग काही ठिकाणी आहेत. त्यांवर मोटारी विश्रांती घेतात. ज्याला कर्वे रस्त्यावर साध्या सायकलीने छातीत धडधडते, त्याला विजेच्या सायकलीने थोडी लवकर धडधडेल, इतकेच. आमचे एक स्नेही, बँकेतून निवृत्त झालेले, मोठ्या उत्साहाने विचारायला आले. चढाचा त्रास होतो का, म्हटले. "चढाचा नाही हो, टेम्पोचा होतो," ते म्हणाले. त्यांना मी मेट्रोचा पास काढायला सांगितले.

आणि एक : पंक्चर. मागच्या चाकाच्या मध्यभागी डब्यासारखी मोटर बसवलेली असते, तिला तार जोडलेली. श्रावणात ऐन पावसात वनाजपाशी टायरमध्ये खिळा गेला. झाडाखालच्या सायकलवाल्याने चाकाभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि मान हलवली. "काका, हे चाक मी उघडणार नाही. तारेचं झेंगट आहे." शेवटी त्याने चाक न काढता, टायर एका बाजूने सोडवून, ट्यूब तेवढी बाहेर ओढून ठिगळ लावले, आणि दुप्पट पैसे घेतले. मी दिले. गाडी विकत घेण्याआधी आपल्या रस्त्यावरच्या सायकलवाल्याला ती एकदा दाखवून आणावी हे उत्तम. बॅटरीही अमर नसते. काही वर्षांत तिचा पल्ला घटत जातो, आणि नवीला दहा-बारा हजार सहज लागतात, ते पहिल्याच दिवशी हिशेबात धरावेत. मी हिशेबनीस असल्याने धरले. रोजच्या रिक्षाच्या मानाने तरीही ती स्वस्तच पडते.

पण खरे सांगायचे तर रिक्षाशी तुलना पैशांची नाहीच. मुलगा फोनवरून रिक्षा बोलावून देतो, ती दाराशी येते, मला नेते आणि सोडते. या साऱ्यात मी कुठेच नसतो. सायकलवर असलो की परतताना नळ स्टॉपला थांबून ओल्या शेंगा घेता येतात, जुन्या सहाध्यायाच्या दारावरून जाताना घंटी वाजवता येते, आणि उशीर का झाला याचे उत्तर कोणाला आगाऊ द्यावे लागत नाही. घरातली माणसे काळजीपोटीच बोलतात. तरी एकेक वाहन हातातून सुटत गेले की माणूस दुसऱ्याच्या वेळापत्रकावर जगू लागतो, हे मी आमच्या आळीत दोघा-तिघांच्या बाबतीत पाहिले आहे. त्यांतल्या एकाचीही तब्येत माझ्याहून वाईट नव्हती.

गणपती बोळवल्यावर भाचा आला आणि सायकल घेऊन गेला. त्या आठवड्यात मी पुन्हा जुन्या सायकलीवर बावधनला गेलो आणि भुसारी कॉलनीपाशी उतरलो. शनिवारी दुकानात जाऊन बिनदांडीची एक सायकल नोंदवून आलो. मूठ असली तरी तिची तार काढून द्या, असे सांगितले. दुकानदाराला ते चमत्कारिक वाटले, पण त्याने लिहून घेतले. जुनी विकायची नाही. मंडई, बँक आणि ग्रंथालय यांच्या वाटेला चढ असा नाही, आणि तिन्ही ठिकाणी सायकल उचलून कडेला लावावी लागते. त्या कामांना तीच बरी.